ठिणगी नव्हे, वटवट्या

आमच्या साहेबांसमोर 'चिमणी' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरी करायची आणि चिमणी म्हणायचं नाही, म्हणजे तसं अवघडच. नागपूर सोडलं की लांबूनच दिसायला लागणाऱ्या त्या उंच धुराड्यांना सगळे चिमणीच म्हणतात. साहेबांचा राग त्या चिमणीवर नव्हता. अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमणीवरही नव्हता. जे जे लहान, पंखवालं आणि पटकन उडून जाणारं, त्या सगळ्याला चिमणी म्हणून मोकळ्या होणाऱ्या माणसांवर त्यांचा राग होता.

याला इतिहास होता. मी रुजू होण्याच्या बऱ्याच आधी, साहेब शिफ्टचे प्रमुख असताना, गेटवरच्या गार्डने कंट्रोल रूमला फोन करून सांगितलं, "साहेब, चिमणी पडली." खोलीतली सगळी माणसं ताडकन उभी राहिली. साहेब खिडकीशी धावले. चिमणी जागच्या जागी होती आणि शांतपणे धूर सोडत होती. त्यांनी परत फोन उचलला आणि विचारलं, "कोणती पडली गा?" तिकडून उत्तर आलं, "आपल्या पिंपळाखालची, साहेब. जित्ती आहे अजून." साहेब तसेच जिने उतरून गेटपर्यंत चालत गेले. पाहतात तर घरट्यातून पडलेलं बुलबुलाचं पिल्लू. "पडली ती बी चिमणी नव्हती," असं ते गोष्टीच्या शेवटी म्हणत, आणि या वाक्याला त्यांचं त्यांनाच इतकं हसू येई की ऐकणाऱ्याने हसायची गरज उरत नसे.

तेव्हापासून कोणी बोट दाखवून "ती चिमणी पाहा" म्हणालं की साहेब त्याची उलटतपासणी घेत. शेपटी वर होती का खाली? शेंड्यावर बसली होती का बुडाशी? एकटी होती का जोडीनं? समोरचा गडबडला की म्हणत, "पाह्यलंच नाही ना तू. मंग नाव काहून ठेवून राहिला?" त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे: आधी ओळख, मंग हात. ते मशीनसाठीही होतं, पाखरासाठीही, आणि मुलीसाठी स्थळं पाहतानासुद्धा त्यांनी तेच वापरलं, असं काकू सांगत. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी.

माझी आणि साहेबांची खरी ओळख झाली ती एका ठिणगीमुळे. मी वर्ध्याहून नुकतीच शिकाऊ इंजिनिअर म्हणून आले होते आणि नव्या मुसलमानासारखी बांग देत फिरत होते. पावसाळ्याचे दिवस होते. संध्याकाळच्या फेरीला स्विचयार्डच्या, म्हणजे वीज बाहेर नेणाऱ्या तारांच्या आवाराच्या, कुंपणाशी मला चट्, चट्, चट् असा कोरडा आवाज ऐकू आला. ओल्या दिवसांत असा आवाज आला की आमच्या धंद्यातला माणूस आधी ठिणगीच समजतो. मी धावत जाऊन स्पार्किंगची खबर दिली. साहेब स्वतः आले, कुंपणाशी उभे राहिले आणि डोळे मिटले.

"काय वं पोरी, कुठून आवाज येऊन राहिला?"

"त्या तिकडून साहेब. झुडपातून."

"झुडपाले कनेक्शन कोनं देल्लं?"

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तेवढ्यात झुडपातून अंगठ्याएवढं पाखरू बाहेर पडलं. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाताना ते तसंच चट् चट् वाजत गेलं आणि लांब शेपटी झटक्यानं उभी करून बसलं. वरून राखेच्या रंगाचं, पोटाशी फिकट तांबूस, आणि डोळा लाल.

"राखी वटवट्या," साहेब म्हणाले. "आपल्याच खात्यातला माणूस आहे. रंग पाहून घे, आपल्या राखेचा. अन् आवाज काढते तो बी शॉर्ट सर्किटचा."

मला वाटलं होतं, आता हे प्रकरण वर्षभर माझ्या पाठीशी लागणार. पण साहेब भलतेच खूश झाले होते. त्यांनी मला कॅन्टीनला नेलं, तर्रीपोहे खायला घातले आणि आपली स्वतःची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनाही तोच आवाज कॉलनीतल्या खांबाशी ऐकू आला होता. त्यांनी रस्त्यावरचे दिवे बंद करवले, लाइनमनला खांबावर चढवलं, सगळी जोडणी तपासली. लाइनमन वर बसलेला आणि आवाज खालच्या गवतातून चालूच. "ज्या पाखरानं मले उल्लू बनवलं, त्याले ओळखल्याशिवाय कसा सोडू? ही गलती मास्तरच्यानं होत नाही, वकिलाच्यानं होत नाही. आपल्याच लाइनीतल्या माणसाच्यानं होते. तुह्याकडून झाली म्हणजे तू या धंद्यात चालतं." नोकरीत मला पुढे बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली, पण त्या पोह्यांइतकं समाधान कशानंच झालं नाही.

साहेबांची सगळी मदार कानांवर होती. त्यांच्या खिशाला पेनाऐवजी एक लांब स्क्रू ड्रायव्हर असे. त्याचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि आत काय चाललंय ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. टर्बाइनच्या हॉलमध्ये कानात बोळे घातल्याशिवाय ते कुणाला पाऊल टाकू देत नसत. स्वतः मात्र आयुष्यभर उघड्या कानांनी फिरले. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टर बोळे घालून छाती तपासते का?" एका लग्नात ते जेवणाच्या आधीच उठले आणि यजमानाला म्हणाले, "तुमच्या जनरेटरचं बेअरिंग जाऊन राहिलं, दुसरा बोलवा." यजमानानं हसण्यावारी नेलं. पंगत बसली आणि मांडव अंधारात गेला. त्या घरचे लोक अजून म्हणतात की म्हाताऱ्यानंच काहीतरी करून ठेवलं होतं.

पाखरंही ते अशीच ओळखत, बसल्या जागी, पाठ फिरवून. कॉलनीतल्या कोणी तरी एकदा त्यांच्यासमोर फोन धरला. त्यात आवाजावरून पक्ष्याचं नाव येत होतं. साहेबांनी कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, "घरटं कुठं आहे ते सांगते का?" फोनला ते सांगता येत नव्हतं. "मंग अर्धीच ओळख झाली," असं म्हणून त्यांनी तो परत केला.

कारण वटवट्याची खरी गंमत घरट्यात होती. पानं एकमेकांना शिवलेली दिसली की आपण सगळे शिंपी पक्ष्याचं नाव घेतो. शाळेत तसंच शिकलेलो असतो. साहेब म्हणत, शिंप्याची फुकटची कीर्ती झाली, वटवट्याही पानं शिवतो. कधी गवतात साधं घरटं विणतो, पण रुंद पानांचं झाड सापडलं, तर पानांना भोकं पाडून, कापूस नाही तर कोळ्याचं जाळं ओवून, अगदी शिंप्यासारखीच थैली करतो. लोक शिवण पाहतात आणि शिंपी म्हणून निघून जातात. मग ओळखायचं कशावरून? अंड्यावरून. शिंप्याचं अंडं फिकट, त्यावर ठिपके. वटवट्याचं अंडं विटकरी लाल, आणि त्याला अशी चकाकी की तेल लावून पुसलंय. "अंडं लाल दिसलं का विषय संपला," ते सांगत. "मंग शिंप्यानं स्वतः येऊन सांगतलं तरी ऐकाचं नाही." घरट्याला हात लावायची मात्र सक्त मनाई. त्यासाठी त्यांच्याकडे मशीनच्या आत डोकावायचा, टोकाला गोल आरसा बसवलेला एक दांडा होता. पाखरू बाहेर गेलं की तो लांबून धरायचा, पाहायचं आणि बाजूला व्हायचं.

साहेब निवृत्त झाले तरी कोराडी सोडून गेले नाहीत. कॉलनीला लागूनच त्यांनी घर बांधलं. भोवती मेंदीचं कुंपण, मागे वांगी, अंबाडी आणि लिंबाचं झाड. पुढे माझं लग्न झालं, बढती झाली, केसही पांढरे व्हायला लागले, पण रविवारचा चहा त्यांच्या मागच्या अंगणातच होत राहिला.

अशाच एका पावसाळ्यात त्यांनी जाहीर केलं की वटवट्या गेला. आदल्या वर्षीही त्यांनी त्याचा आवाज ऐकला नव्हता. यंदा तर अजिबातच नाही. कॉलनीच्या मागच्या पट्ट्यातलं उंच गवत यंत्रानं कापायला सुरुवात झाली तेव्हापासूनचं हे, असं त्यांचं निदान. साहेबांचं निदान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी घरोघर जाऊन रहिवाशांना सांगितलं, कमिटीच्या मागे लागले आणि शेवटी पुढच्या रविवारच्या बैठकीत त्यांना बोलायला वेळ मिळाला. विषय होता, वटवट्या का गेला. ते ऐकून लोकांनी गवत कापणं थांबवायचं, असा एकूण बेत होता, आणि बरेचसे लोक तयारही झाले होते. साहेबांनी भाषणाची तालीमही सुरू केली होती.

मी चहाला बसले होते आणि साहेब मला भाषण ऐकवत होते. "ऐक. काही ऐकू येऊन राहिलं? काहीच नाही. पाखरू गेलं, अन् आपल्याले पत्ता बी नाही."

आणि त्याच वेळी, त्यांच्या पाठीशी हाताच्या अंतरावर, वांग्यात चट् चट् चट् झालं.

मी चहाचा कप खाली ठेवला. साहेबांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ते पुढे बोलत राहिले.

"साहेब," मी म्हणाले, "वाजून राहिला तो. तुमच्या मागे."

ते वळले, डोळे मिटले, नेहमीसारखे. मग ठामपणे म्हणाले, "नाही वं. मीटरपाशी ठिणगी उडत असन." आणि उठून मीटरचं खोकं उघडून तपासायला लागले. मला हसावं की रडावं कळेना. काकू भांडी घासता घासता हे सगळं पाहत होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"कुकरची शिट्टी ऐकू येत नाही त्याईले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. हळू बोलायची खरं तर गरज नव्हती. "दारावरची बेल नाही. नातीचा फोनवरचा आवाज नाही. म्हणते, पोरगी तोंडातल्या तोंडात बोलते. डॉक्टरले दाखवा म्हटलं तर मलेच म्हणते, तुहा आवाज बसला. पोरी, तू सांगून पाहा वं. माह्यं कोण ऐकते?"

पण साहेबांना कान गेले असं सांगणं म्हणजे पहिलवानाला तुझे हात गेले असं सांगणं. माझी जीभ रेटेना. आणि रविवारी ते चारचौघांत उभे राहून, कुंपणात वाजणाऱ्या पाखराला मेलेलं ठरवणार होते. कोणी तरी पोरसवदा माणूस फोन वर करून सांगणारच, की आजोबा, हे पाहा, नाव आलं. त्या कल्पनेनंच मला झोप लागेना.

सुटका केली ती काकूंनी, आणि तीही भरताच्या वांग्यासाठी. शनिवारी त्या वांगी तोडायला वाफ्यात वाकल्या आणि त्यांना दोन पानं एकत्र शिवलेली दिसली. त्यांनी साहेबांना हाक मारली. मग आतून बोलावून आणलं, कारण हाक पोचली नव्हती. मीही तेव्हा तिथंच होते.

साहेबांनी कमरेवर हात ठेवून लांबून पाहिलं आणि निकाल दिला, "शिंपी."

"अजी, हातच्या कांकणाले आरसा कशाले पाह्यजे?" काकू म्हणाल्या. "पाखरू तुमच्या नाकासमोर नाचून राहिलं, राखेच्या रंगाचं."

"आरसाच पाह्यजे," साहेब म्हणाले. "आधी ओळख. आण वं तो दांडा."

मी दांडा आणला. हात धरून थांबवावं असंही वाटलं. शिंपी म्हणून सोडून दिलं असतं, तर काय बिघडलं असतं? पण साहेब पाखरू बाहेर जायची वाट पाहत गुडघ्यावर बसले होते. पाखरू निघालं, जाता जाता वाजलं, मी आणि काकू दोघींनी ऐकलं. साहेबांनी आरसा पानांच्या तोंडाशी नेला, मान कलती केली आणि पाहिलं. मग दांडा मागे घेतला, खाली ठेवला आणि तिथंच मातीत बसून राहिले.

"कशी आहेत अंडी?" काकूंनी विचारलं.

"लाल."

"मंग?"

"मंग काय? विषय संपला."

पाखरू परत येऊन थैलीत शिरलं. मला साहेबांकडे पाहवत नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"माह्या कानापाशी वाजून राहिलं होतं ते," साहेब सावकाश म्हणाले, "अन् मी त्याले मेलं म्हणत होतो." मग कपडे झटकत उभे राहिले. आवाज पूर्वीसारखाच होता, करारी. "पाखरू कुठंच गेलं नाही. गेले ते माह्ये कान."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. साहेब म्हणाले, "तू काहून रडून राहिली? तू तर हे लय दिवसांपासून सांगून राहिली. तुह्यं निदान बरोबर निघालं."

मी व्यवहाराचं बोलले. म्हटलं, साहेब, उद्या बैठक आहे. पाखरू गेलं असंच सांगा. गवत तरी वाचेल, आणि कुणाला कळणार आहे? साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा शिकाऊ झाले. "खोट्या निदानावर खरी दुरुस्ती होते का गा कधी?" ते म्हणाले. रागाच्या भरात ते मलाही पुरुषांना म्हणतात तसं 'गा' म्हणत.

रविवारी कॉलनीचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. साहेब उभे राहिले. तालमीतलं भाषण त्यांनी टाकून दिलं होतं. "मी तुमच्या घरोघर येऊन सांगतलं का वटवट्या गेला," ते म्हणाले. "ते चूक होतं. तो माह्याच वांग्यात आहे. मले ऐकू येत नाही, म्हणून मी त्याले नाही म्हणत होतो. कान माह्ये गेले अन् नाव गवताचं घेतलं." हॉलमध्ये कोणी तरी फिसकन हसलं. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, मग आता गवत कापायला काय हरकत आहे? पाखरू तर आहेच.

"आहे म्हणूनच म्हणतो, नका कापू," साहेब म्हणाले. "नसतं तर कोणासाठी थांबवलं असतं? काल मेलं समजून तुम्ही गवत सोडाले तयार होते. आता जित्तं निघालं तर कापता का?"

दसरा होईपर्यंत मागच्या पट्ट्यात यंत्र न्यायचं नाही असं ठरलं. बाहेर पडताना लोक साहेबांशी मुद्दाम मोठ्यानं बोलत होते. साहेबांनी एकाला सांगितलं, "ओरडू नको गा. जाड आवाज येतो मले. बारीक तेवढा गेला."

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मशीन दिलं, पण स्पष्ट सांगितलं की माणसांचं बोलणं यातून कळेल, तसले अगदी बारीक आवाज परत यायचे नाहीत. साहेब मशीन लावतात. नातीचं बोलणं आता त्यांना नीट कळतं, आणि काकू दिवसभरात किती बोलतात हेही नव्यानं कळलं, अशी त्यांची तक्रार आहे.

वांग्यातली अंडी फुटली. काकूंनी तो वाफा सोडून दिला, आम्ही बाजारची वांगी आणून भरीत खाल्लं. पिल्लं मोठी झाली तशी नर-मादीची धावपळ वाढली. एका रविवारी मी गेले तर साहेब खुर्ची वाफ्याच्या जवळ ओढून बसले होते. पाखरू लिंबावरून वांग्यावर, वांग्यावरून मेंदीवर जात होतं, चट् चट् वाजत. आणि साहेब त्याच्यावर नजर रोखून जिभेनं टाळ्यावर तसाच आवाज काढत होते. पाखराची उडी सुटली की चट्. शेपटी उडाली की चट्. त्यांना ऐकू काहीच येत नव्हतं. नुसत्या पाहण्यावरून ते आपल्या तोंडानं तो आवाज लावून घेत होते. मी त्यांच्या शेजारी उभी राहून दोन्ही आवाज ऐकत होते.

माझी सावली पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"बरोबर लागून राहिलं का वं?" त्यांनी विचारलं. मी त्यांना ओळखते तेव्हापासून त्यांनी कुणाला, कशाबद्दलही, बरोबर आहे का असं विचारलं नव्हतं. मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यांना ते चाललं नसतं.

"बहुतेक बरोबर, साहेब," मी म्हणाले. "एकदोनदा तुम्ही त्याच्या आधी वाजले."

साहेबांनी मान हलवली आणि नजर परत वांग्याकडे वळवली.

"मी नाही आधी वाजलो," ते म्हणाले. "त्यानं उशीर केला."